वैशाखातलं पडसं

चहा ओता आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण गोष्ट माझ्याच फजितीची आहे आणि ती सांगताना मधे कुणी दात काढले की माझं डोकं फिरतं. एक मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. फजिती झाली, चूक माझी नव्हती. तेव्हा नव्हती, आज नाही, आणि उद्या यमानं विचारलं तरी मी हेच सांगणार.

तेव्हा मी लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये इंजिनं धुणारा-पुसणारा खलाशी होतो. घर वलवणला. थोरली लेक शेवंता, तिचं लग्न लोहगडवाडीच्या धोंडीबाआबांच्या मुलाशी ठरलेलं. ठरलेलं म्हणजे दुसऱ्यांदा ठरलेलं. आदल्या वर्षी आमच्या दारात मांडवाचे खांब उभे राहिले, आणि त्यांच्या भावकीत कुणीतरी गेलं. झालं, सुतक. लग्न पुढं ढकललं, मग चातुर्मास लागला, मग आणखी काही निघालं, आणि वर्ष गेलं. पोरीनं तोंडातून शब्द काढला नाही. पण मधूनमधून लग्नाचं लुगडं पेटीतून काढायची, उन्हात घालायची, घडी करून परत ठेवायची. बापाला ते बघवतं का, तुम्हीच सांगा.

ह्या वर्षी वैशाखातला बुधवार धरला. आठवड्यावर लग्न आलं आणि एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. धोंडीबाआबांची म्हातारी आई, भागूबाई, दम्यानं अंथरुणाला खिळली. आणि मला पडसं झालं.

वैशाखात पडसं! माणसं घामानं निथळतायत आणि माझ्या नाकाला धार. शेडमधले निम्मे लोक तसेच. रेल्वेच्या दवाखान्यात गेलो. तिथं पुण्याहून नवीन तरुण डॉक्टर आलेला. त्यानं मला बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली.

मी म्हटलं, "साहेब, गोळी द्या. पडसंच आहे, त्याचं एवढं काय?"

"तुम्हाला काहीच नाही हो," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही चार दिवसांत खडखडीत व्हाल. पण तुमची शिंक एखाद्या दमेकरी म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर पडली, तर ते छातीत उतरेल. मग माझ्याकडे आणून उपयोग नाही."

दमेकरी म्हातारं माणूस म्हटल्याबरोबर भागूबाई डोळ्यासमोर उभी राहिली. ती गेली तर परत सुतक. परत लुगडं पेटीत.

"मग करू काय?" मी विचारलं.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. शिंकताना, खोकताना तोंडावर कापड धरायचं. जिथं तिथं थुंकायचं नाही. हात सारखे धुवायचे. दुसऱ्याच्या तांब्यानं पाणी प्यायचं नाही, आपला त्याला द्यायचा नाही. माणसांत मिसळायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, घरात बसायचं. सोपं होतं हो. पण आमच्या शेडमध्ये एकानं तरी पाळलं असेल तर शपथ. मी ठरवलं, आपण पाळायचं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

घरी आलो तो थेट गोठ्यात. माझी वाकळ तिथं, माझा तांब्या तिथं, माझी ताटली मीच धुणार. आमची कारभारीण, सगुणा, दारात उभी राहून बघत होती.

"अवो, आन् म्हशीला पडसं झालं म्हंजी?"

"म्हशीचं लगीन न्हाई बुधवारी," मी म्हटलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणा गोठ्याच्या दारात येऊन बसली. ती बसली की काहीतरी मोठं निघणार हे मला ठाऊक.

"तुमी लोहगडवाडीला जाऊन या," ती म्हणाली. "भागूआत्या आजारी हायती. पोरीचा बाप बघायला सुदीक आला न्हाई, असं म्हनतील समदी."

"मला पडसं हाय. डाक्तरनं सांगितलंय, म्हाताऱ्या मानसाजवळ जायाचं न्हाई."

"आन् न्हाई गेला तर धोंडीबाआबा रुसंल. त्यो रुसला तर बुदवारी मांडवात कोन येनार? तुमचा डाक्तर?"

आता बघा माझी कोंडी. गेलो तर म्हातारी मरणार, नाही गेलो तर व्याही रुसणार. दोन्हीकडून लग्न बुडणार. पण मीही काही कमी नाही. मी म्हटलं, जाणार. आणि जवळ जाणार नाही. अंगणाबाहेरून विचारपूस करणार आणि माघारी फिरणार. रीतही राहिली, नियमही राहिला. सांगा, ह्यात चूक कुठं आहे?

तोंडाला आणि नाकाला उपरणं गुंडाळून गाडीत बसलो. बसलो कसला, दारात उभा राहिलो. मळवलीला उतरलो, भाजे गावावरून चढ चढलो. ते ऊन, त्यात चोंदलेलं नाक, त्यात तोंडावर कापड. लोहगडवाडीत पोचलो तेव्हा डोळे लालभडक झालेले, त्यातून पाणी गळतंय, आणि घसा असा बसलेला की बोललो तर कुणीतरी दार करकरवतंय असं वाटावं.

धोंडीबाआबांच्या अंगणाच्या कडेला जांभळाचं झाड आहे. त्याच्याखाली उभा राहिलो. आबा ओसरीवर दोर वळत बसलेले. मला बघून हसत उठले. "या, या, दगडूभाऊ. राम राम." आणि हात पसरून व्याहीभेट घ्यायला अंगण ओलांडून निघाले.

मी मागं सरलो. "आबा, तितंच थांबा. मला शिवू नका."

आबा जागच्या जागी उभे. राम राम घालायला हात वर उचलावेत, तर एका हातानं उपरणं धरलेलं, दुसऱ्या हातावर मघाशीच शिंकलेलो. तो हात काय जोडायचा? मी नुसती मान खाली घातली.

आतून सून तांब्या आणि गूळ घेऊन आली. मी म्हटलं, "पानी नगं. कायबी नगं."

"आत तरी या," आबा हळूच म्हणाले.

"आत येत न्हाई. म्हातारी कशी हाय?"

"हाय तशीच. धाप लागतीया."

"मग तिला सांगू नका मी आलोय. भायेर आनू नका तिला. तिला सोसायचं न्हाई."

मला वाटलं होतं, आबा आता विचारणार, हे काय नवीन सोंग? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण आबांनी काही विचारलं नाही. माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "विहीनबाई?"

सगुणाची खुशाली विचारतायत, हे मला कळलं. सांगणारही होतो की ठणठणीत आहे, तिनंच मला पिटाळलंय. पण नेमकी त्याच घटकेला शिंक आली. आणि काय शिंक हो! पायाच्या अंगठ्यापासून निघालेली. मी हात हलवला, म्हणजे जरा थांबा. उपरणं तोंडावर दाबलं, झाडाला टेकलो, आणि ती शिंक आतल्या आत जिरवली. खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पण एक थेंब बाहेर उडू दिला नाही. त्या डॉक्टरनं बघायला हवं होतं.

मान वर केली तर काय बघतो? धोंडीबाआबांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं, आणि माझ्यापासून चांगले दोन हात लांब, खाली मातीत बसलेले. मला वाटलं, वा. न सांगता समजलं ह्या माणसाला. उन्हाचं डोकं मोकळं केलं, आणि बसलाही लांब.

तेवढ्यात घरातल्या बायका एकेक करून ओसरीवर आल्या. सगळ्यांच्या तोंडाला पदर! मी तर गहिवरलोच. आमच्या शेडमध्ये शिकलेली माणसं ऐकत नाहीत, आणि इथं गडाखालच्या वाडीत बायका आपणहून तोंडावर पदर धरतायत.

मला बघताच ओसरीजवळच्या चुलीवर पुरण शिजत घातलेलं होतं, ते एका बाईनं उतरवून ठेवलं. बरोबरच आहे, माझ्या तोंडाला चव कुठं होती? दुसरीनं अंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलीवर चढवला. मी मनात म्हटलं, दगडू, पोरगी चांगल्या घरात पडली रे. काय ही स्वच्छता!

आबांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "तुमी एकलं ऱ्हाऊ नका, भाऊ."

"एकलंच ऱ्हायला पायजे," मी म्हटलं. "गोठ्यात निजतोय. कुनाला जवळ येऊ देत न्हाई."

हे ऐकून आबा रडायलाच लागले. मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, मायाळू माणूस आहे, व्याह्याचे हाल त्याला बघवत नाहीत.

"उद्या सकाळीच येतो आमी समदी," ते म्हणाले.

निघताना मला कुणी थांबा म्हटलं नाही, पुन्हा या म्हटलं नाही, वेशीपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. तेही मला शहाणपणाचंच वाटलं. अंगात पडसं असलेल्या माणसाला पुन्हा या कशाला म्हणायचं?

घरी येऊन सगुणाला लांबूनच सांगितलं. "मानसं न्हाईत, देव हायती. आन् उद्या समदी आपल्याकडं येनार हायती."

"समदी? कशापायी?"

"माझी खुशाली इचारायला."

सगुणा हरखली. पडशाची खुशाली विचारायला व्याही एवढा डोंगर उतरून येतोय म्हणजे आपला मान केवढा! तिनं रात्रीच डाळ भिजत घातली. सकाळी पुरणपोळीचा घाट, शेजारच्या बायका बोलावून जात्यावर हळद दळायला बसवली. गाणी सुरू झाली. शेवंता हळदीनं कोपरापर्यंत माखलेली, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोठ्यानं हसताना मला गोठ्यात ऐकू आली.

आणि तेवढ्यात, वलवणच्या धरणाच्या बाजूच्या वाटेवरून दुसरा आवाज ऐकू आला. बायकांच्या रडण्याचा.

गोठ्याच्या फटीतून बघितलं. लोहगडवाडी निम्मी तरी आलेली. पुढं धोंडीबाआबा, उघडं डोकं. मागं पुरुष, माना खाली. त्यामागं बायका, पदर डोळ्यांना लावून गळा काढतायत. दोघींच्या डोक्यावर पाट्या, त्यात पिठलं-भाकरी. पिठलं-भाकरी घेऊन माणूस कुणाकडे जातो? ज्या घरात चूल पेटलेली नसते, तिथं. आणि सगळ्यांत मागं दोन गड्यांच्या खांद्यावर बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी.

सगुणा दारात आली. तिनं उघडं डोकं बघितलं, रडणं ऐकलं, झोळी बघितली. तिनं कपाळावर हात मारला, पदर तोंडावरून ओढला आणि धावत सुटली. "आगं आत्याऽऽ, लग्नाच्या तोंडावर कशी गं गेलीस!"

तिकडच्या बायकांनी तिला गळ्यात घेतलं. आता रडताना कोण कुणाचा चेहरा बघतं हो? पदर ओढलेले, माना खांद्यांवर. सगुणा भागूबाईसाठी रडतेय. त्या सगळ्या सगुणासाठी रडतायत, आणि रडतायत सगुणाच्याच गळ्यात पडून. आमच्या हळद दळणाऱ्या बायकाही बाहेर आल्या. कोण गेलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण रडायला तेवढं कशाला लागतं?

तेवढ्यात झोळी खाली टेकली आणि तिच्यातून एक पिकलेलं डोकं वर आलं.

"बिचारी सगुना," भागूबाई धापा टाकत म्हणाली. "मला उतरवा रं. लेकराच्या गळ्यात पडून रडू द्या मला."

सगुणानं आवाज ओळखला. पदर मागं केला. म्हातारीनं सगुणाला बघितलं, सगुणानं म्हातारीला बघितलं. आणि दोघींनी मिळून जी किंकाळी फोडली, ती खंडाळ्यापर्यंत गेली असणार. बायका पांगल्या. एकीच्या डोक्यावरची पाटी कलली आणि पिठलं वाटेत सांडलं.

मी गोठ्यातून बाहेर आलो, उपरणं नीट बांधून. धोंडीबाआबा सगुणाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. एवढा शांत माणूस, पण त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"दगडूभाऊ, ही जित्ती हाय."

"मेली कवा होती?" मी विचारलं.

"तुमीच सांगून गेला न्हवं काल!"

"मी? मी कायबी बोललो न्हाई."

"बोलायचं काय ऱ्हायलं व्हतं?" आबा ओरडले. "अंगनात पाय ठेवला न्हाई. पानी घेतलं न्हाई. राम राम केला न्हाई. शिवू नका म्हनला. तोंडाला कापड, डोळ्यांला धार. विहीनबाईंचं इचारलं तर हात हालवून ढसाढसा रडला. मयताचा सांगावा आनखी कसा देत्यात?"

मी उभाच राहिलो. एकेक गोष्ट डोक्यात फिरायला लागली. काढलेलं पागोटं. तोंडाला पदर. उतरवलेलं पुरण. अंघोळीचा हंडा. अरे देवा. तुम्ही म्हणाल, गाढवा, तुझ्या तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? अहो, डोक्यात डॉक्टर बसला होता ना.

"आबा, मला पडसं झालंय," मी म्हटलं.

बायकांनी डोळ्यांचे पदर खाली घेतले.

"पडसं?"

"पडसं."

आबांनी पागोटं डोक्यावर चढवलं. "आख्ख्या मावळात आजपतुर पडशाचं सुतक कुनी पाळलं न्हाई. लग्नघरात रडारड झाली. हळदीवर मयताचं पिठलं आलं. लय अशुभ झालं हे. ह्या सोयरिकीत काय राम न्हाई. चला रं समदी."

दारात शेवंता उभी होती. हळदीचे हात तसेच पुढं धरलेले, कुठं पुसावेत ते कळत नसल्यासारखे. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. आणि खरं सांगतो, त्याच वेळी रागही आला. डॉक्टरचा नाही, आबांचा नाही, सगळ्याच दुनियेचा आला. अरे, ज्या म्हातारीला जपायला मी म्हशीशेजारी झोपलो, त्याच म्हातारीपायी माझ्या पोरीचं लग्न मोडायचं?

मी वाटेत आडवा उभा राहिलो. "आबा, जायाचं असंल तर जावा. पन ऐकून जावा. मी चुकलेलो न्हाई. म्या जे केलं ते तुमच्या आईचा जीव वाचावा म्हनून केलं. पडसं लागट असतंय. तुमी रोज एका तांब्यानं पानी पिता, एकच चिलीम दहा जन वढता, शिंकताना तोंड फिरवत न्हाई, आन् मग घरंच्या घरं आजारी पडत्यात. शिव्या घाला मला, पन मी उद्याबी असंच करनार."

बसलेल्या घशातून एवढं सगळं नीट निघेना, म्हणून मी बोलता बोलता उपरणं सोडून खांद्यावर टाकलं होतं. मंडळी ऐकत होती. आबासुद्धा दोन पावलं जवळ आले होते. मला जोर चढला. बोट वर केलं आणि म्हटलं, "मानसानं तोंडावर कापड घेतल्याबिगर कदीबी..."

आणि शिंकलो.

जपून ठेवलेली, कालपासून आत दाबलेली ती शिंक. सगळीच्या सगळी धोंडीबाआबांच्या तोंडावर.

आबांनी पागोट्याच्या शेवानं सावकाश तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा माणूस मला धरणात टाकतो.

तेवढ्यात झोळीतून आवाज आला. खर्रर्र. मला वाटलं, म्हातारीला घरघर लागली. बघतो तर ती हसत होती. हसता हसता खोकत होती, खोकून झालं की परत हसत होती.

"धोंड्या, हिकडं ये," तिनं मुलाला दम दिला. "जित्त्या मानसाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतंय. सगुनाचं वाढलं. सगुना मला मेली समजून रडली, माजं बी वाढलं. ह्यात अशुभ काय हाय? लगीन बुदवारीच. आन् पुरन शिजलंय न्हवं? वाढा मग."

आईच्या शब्दापुढं आबा कसे जाणार? मान हलवली आणि ओसरीवर जाऊन बसले. शेवंता आत पळाली. जाताना दाराच्या चौकटीवर तिच्या हळदीच्या हाताचा पंजा उठला.

मग काय विचारता! लोहगडवाडी आणि वलवण मांडीला मांडी लावून पुरणपोळी जेवले. तांबे ह्या तोंडाचे त्या तोंडाला फिरले, चिलीम फिरली. मी लांब गोठ्याजवळ बसून ओरडत होतो, "तांब्या येगळा घ्या, हात धुवा." कुणीही ऐकलं नाही. उलट ज्याला त्याला मला जवळ ओढून मिठी मारायची होती, आणि आबांनी तर व्याहीभेट दोनदा घेतली.

बुधवारी लग्न लागलं. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा शिंकतोय, दुसऱ्या बाजूला नवरी शिंकतेय. भटजी मंगलाष्टक अर्धं म्हणायचे आणि नाक पुसायला थांबायचे. वाजंत्रीवाल्याला सनईत फुंकायला दम मिळेना. धोंडीबाआबांचं नाक तर जांभळासारखं झालेलं. सगळ्या मांडवात धडधाकट माणसं दोनच. एक मी, कारण माझं तोवर बरं झालं होतं. दुसरी भागूबाई. तिला काही म्हणजे काही झालं नाही. दमासुद्धा पळाला.

त्यानंतरही म्हातारी पुष्कळ जगली. माझ्या नातवंडांची बारशी तिच्या मांडीवर झाली. आणि तुम्हाला सांगतो, मी नियम सोडले नाहीत. आजही पडसं झालं की तोंडाला उपरणं बांधतो, माझा तांब्या वेगळा ठेवतो, आणि हसणाऱ्याला हसू देतो.

पण बारसं असो, जावळ असो, चार पाहुणे जमले की भागूबाई मला समोर बसवून घ्यायची आणि सगळ्यांना सांगायची, "ह्यो आमचा इवाई. लय जपनारा मानूस. मला शिंक लागू नये म्हनून ह्यानं सोताच्या बायकूला मारून टाकली."

मी काही बोलायच्या आत, शेजारी बसलेली सगुणा पान लावता लावता म्हणायची, "आन् मला इचारलं बी न्हाई."